विजेचा टँकर

मे महिन्यात मराठवाड्यातल्या गावात टँकर येतो तेव्हा काय होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हंड्या-कळशांची रांग लागते, टँकर विहिरीत रिकामा होतो आणि गावाचा तो दिवस निभावतो. टँकर पाणी तयार करत नाही. जिथे आहे तिथून ते उचलतो आणि जिथे नाही तिथे नेऊन देतो. विजेचाही असा टँकर आता बांधता येतो. ट्रकवर किंवा ट्रेलरवर बसवलेली मोठी बॅटरी, म्हणजेच मोबाइल बॅटरी स्टोरेज. ती पहाटे भरायची, रात्री ताण पडलेल्या मोहल्ल्यात रिकामी करायची आणि गरज सरली की दुसरीकडे न्यायची.

मी दिल्लीत राहतो. या शहराला अशा टँकरची गरज का आहे, तो आतून कसा असतो, तो गल्लीतल्या रोहित्राला कसा जोडतात आणि तो उभा करायला इतक्या देशांना एकत्र का यावे लागते, हे एकेक पायरी घेत समजून घेऊ.

ताण नेमका कुठे पडतो

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. असा आकडा वाचला की वाटते, तेवढी वीज बाहेरून आणली की प्रश्न मिटला. पण वीज शहराच्या वेशीपर्यंत पोचणे आणि ती घरातल्या एसीपर्यंत पोचणे यांत बरेच अंतर आहे. मोठ्या वाहिन्यांवरून ती उपकेंद्रात उतरते, तिथून ११ हजार व्होल्टच्या फीडरवर येते आणि शेवटी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रोहित्रात ४१५ व्होल्टची होते. या रोहित्राला महाराष्ट्रात आपण सर्रास डीपी म्हणतो. दिल्लीत 'लाइट जाते' ती बऱ्याचदा या शेवटच्या टप्प्यावर. देशात वीज असते, उपकेंद्रातही असते, पण गल्लीतल्या लोखंडी पेटीला आणखी भार सोसत नाही.

उन्हाळ्यात दिल्लीच्या मागणीला दोन शिखरे असतात. एक दुपारी तीनच्या सुमारास, कार्यालये आणि बाजार सुरू असताना. दुसरे रात्री अकरा-बारा वाजता, घरोघरचे एसी एकदम चालू झाल्यावर. दुपारी सौरऊर्जेची मदत मिळते, रात्री ती नसते. वस्तीतली डीपी खरी थकते ती या दुसऱ्या शिखरावर.

का थकते, तेही पाहू. डीपीच्या आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांची वेटोळी तेलात बुडवलेली असतात आणि तारांभोवती कागदाचे वेष्टन असते. तारेतून जाणारा प्रवाह सव्वापट झाला, तर त्यातली उष्णता सव्वापट होत नाही, ती दीडपटीच्या वर जाते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही उष्णता कागदाला जाळत राहते. वेटोळ्यातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणचे तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की या कागदाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पूर्वी रात्री हवा गार व्हायची आणि डीपीला श्वास घ्यायला मिळायचा. आता जूनमध्ये दिल्लीची रात्रही तापलेलीच असते. उत्तर भारतात उन्हाळ्यात रोहित्रांसमोर मोठे कूलर लावलेले दिसतात ते यासाठीच. लोक त्याचे फोटो काढतात. पण ज्या लाइनमनने तो कूलर तिथे लावलेला असतो, त्याला ठाऊक असते की ही पेटी आज रात्री गेली, तर दोन-तीनशे घरांतली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले घामात जागी राहणार आहेत.

मग मोठी डीपी का बसवत नाहीत? बसवतात. पण दाट वस्तीत जागा मिळवणे, रस्ता खोदण्याची परवानगी, नवी केबल, नवा फीडर यांत महिने जातात. आणि ज्या भारासाठी हे सारे करायचे तो वर्षातल्या साठ-सत्तर रात्रींचा, त्यातही तीन-चार तासांचा असतो. बॅटरी कामाला येते ती या फटीत.

पेटीच्या आत

आता टँकर उघडून पाहू. उदाहरणासाठी ५०० युनिट वीज साठवणारी आणि २५० किलोवॉट वेगाने ती देऊ शकणारी बॅटरी घेऊ. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवा, पुढचे सारे त्यावर उभे आहे. युनिट म्हणजे टाकीत किती पाणी आहे, आणि किलोवॉट म्हणजे नळ किती मोठा आहे. ५०० युनिटची टाकी २५० किलोवॉटच्या नळाने पूर्ण सोडली तर दोन तासांत रिकामी होईल.

टाकीचा सर्वांत लहान घटक म्हणजे सेल. वीजजाळ्याच्या कामासाठी सध्या लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे सेल जास्त वापरतात. आकाराने जाड पुस्तकाएवढा, वजनाने पाच-साडेपाच किलो, दाब ३.२ व्होल्ट. २८० अँपिअर-तास क्षमतेच्या एका सेलमध्ये जेमतेम ०.९ युनिट मावते. असे २८० सेल एका माळेत ओवले की ८९६ व्होल्टचा दाब मिळतो, आणि अशा दोन माळा म्हणजे आपले ५०० युनिट. एकूण ५६० सेल.

माळेतला एक मणी बिघडला तर साऱ्या माळेवर परिणाम होतो. म्हणून प्रत्येक सेलचा दाब आणि जागोजागचे तापमान सतत मोजणारी यंत्रणा असते, तिला बीएमएस म्हणतात. एखादा सेल जास्त भरू लागला, जास्त रिता झाला किंवा तापला, तर ती आधी वेग कमी करते आणि गरज पडली तर माळच तोडते.

बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते आणि गल्लीतली दिशा बदलत वाहणारी, म्हणजे एसी. त्यांच्यामध्ये दोन्ही दिशांना चालणारा इन्व्हर्टर बसतो. घरच्या इन्व्हर्टरचाच हा थोरला भाऊ, मात्र याला मापात काम करता येते. हवे तेव्हा १० किलोवॉट, हवे तेव्हा २००, आणि दिशा बदलून तितक्याच सहजपणे भरणे. याशिवाय थंडावा देणारी यंत्रणा, वायू आणि धूर ओळखणारे संवेदक, आग विझवण्याची सोय, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा संगणक. रॅक धरून दर युनिटमागे साधारण दहा किलो वजन पकडले, तर बॅटरी पाच टनांची होते. इन्व्हर्टर, शीतकरण आणि पेटीचे वजन मिळवूनही हा सरंजाम साध्या दोन आसांच्या ट्रकवर बसवता येतो. कोयनेसारखे धरण किंवा घाटघरसारखा पाणी वर चढवणारा प्रकल्प जागचा हलत नाही. ही साठवण मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत येते.

जोडणी

ट्रक आला म्हणजे काम झाले असे नाही. त्याला उभे राहायला सपाट, पाणी न साचणारी जागा लागते, आणि डीपीपासून फार लांब उभे राहून चालत नाही, कारण ४१५ व्होल्टवर २५० किलोवॉट न्यायचे तर साडेतीनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि त्याला मनगटाएवढ्या केबल लागतात.

पहिले काम अर्थिंगचे. ट्रकची चासी आणि पेटी जमिनीशी पक्की जोडल्याशिवाय कुणी दार उघडायचे नाही. रबरी टायरवर उभा असलेला ट्रक जमिनीपासून अलग असतो, आणि कुठे गळती असली तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून उतरते.

दुसरे काम तपासणीचे. ट्रक खड्ड्यांतून आलेला असतो. हादऱ्याने नटबोल्ट सैल होतात, आणि सैल जोडावर उष्णता साचते. म्हणून इन्सुलेशनची चाचणी आणि जोडांच्या घट्टपणाची तपासणी प्रत्येक मुक्कामी नव्याने करायची. कायम एका जागी असलेल्या बॅटरीला हे रोजचे सोपस्कार लागत नाहीत. चाकांची ही किंमत आहे.

तिसरे काम मिलनाचे. डीपीच्या कमी दाबाच्या पॅनेलवर केबल जोडताना लाल, पिवळा, निळा हा फेजचा क्रम जुळला पाहिजे. मग इन्व्हर्टर जाळ्याचा दाब, ५० हर्ट्‌झची वारंवारता आणि लाटेची स्थिती ऐकतो, आपली लाट तिच्याशी जुळवून घेतो आणि मगच स्विच पडतो. भजनात नवा टाळकरी आला की तो आधी ठेका ऐकतो आणि मग समेवर टाळ मिळवतो, तसेच हे. बेताल पडला तर इथे धातू वितळतो.

दर वेळी पॅनेल उघडून हे करावे लागले तर अर्धा दिवस त्यात जाईल. म्हणून शहाणपणाची गोष्ट अशी की, ज्या डीपींना दर उन्हाळ्यात त्रास होतो त्यांच्याजवळ आधीच एक कुलूपबंद सॉकेट-पेटी बसवून ठेवावी. ट्रक आला, खटका लावला, तपासणी केली, सुरू. अग्निशमन दलाला रस्त्यावर हायड्रंट लागतो तसा बॅटरीला हा सॉकेट लागतो. दिल्लीतल्या वीज कंपन्या बिघाडाच्या वेळी ट्रॉलीवरचे रोहित्र नेऊन जोडतात, म्हणजे या कामाचा हात त्यांच्या लाइनमनना आधीपासून आहे.

एका रात्रीचा हिशेब

६३० केव्हीएची एक डीपी घेऊ. पॉवर फॅक्टर धरून ती सुमारे ६०० किलोवॉट देऊ शकते. आपण ठरवले की तिच्यावर ५६० पेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, पण जूनच्या रात्रीशी जुळणारे आहेत.

दहा ते अकरा, वस्तीची मागणी ६००. बॅटरी ४० किलोवॉट देते.
अकरा ते बारा, मागणी ६८०. बॅटरी १२०.
बारा ते एक, मागणी ७००. बॅटरी १४०.
एक ते दोन, मागणी ६२०. बॅटरी ६०.

चार तासांत बॅटरीने ३६० युनिट दिले. डीपीच्या अंगावर पूर्ण वेळ ५६० चाच भार राहिला. संगणक डीपीतून जाणारा प्रवाह क्षणोक्षणी मोजतो आणि रेषेच्या वर जेवढे उतू जाईल तेवढेच बॅटरीकडून घेतो, थेंबभरही जास्त नाही. ५०० पैकी वरचे आणि खालचे थोडे युनिट राखून ठेवतात, कारण काठोकाठ भरणे आणि तळ गाठणे या दोन्हींनी सेल लवकर म्हातारा होतो. म्हणून हाताशी ४०० धरायचे, आणि त्यात आपले ३६० बसतात.

आता भरणे. भरताना आणि सोडताना, शीतकरण धरून, शंभरातले पंधराएक युनिट वाटेत जातात. म्हणजे दिलेले ३६० परत मिळवायला सुमारे ४२५ युनिट घ्यावे लागतील. पहाटे साडेचार ते साडेसात वस्तीची मागणी ४०० वर आलेली असते. तीन तास १४१ किलोवॉट घेतले की टाकी भरते, आणि डीपीवरचा एकूण भार ५४१ म्हणजे रेषेच्या आतच राहतो.

या हिशेबात एक गोष्ट दिसते. ज्या डीपीला मदत करायची, तिच्याकडूनच बॅटरी भरली. नवी केबल आली नाही, नवी वीज आली नाही. डीपीची पहाटेची मोकळी ताकद तेवढी रात्रीपर्यंत जपून ठेवली.

जाळेच बंद पडले तर

इथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. वरून वीज गेली, लाइनमन खांबावर चढला, आणि खाली बॅटरी चालूच असेल तर? तार मेलेली समजून तो हात लावील आणि ती जिवंत असेल. म्हणून जाळ्याचा ठेका थांबला की इन्व्हर्टरने आपण होऊन बाजूला व्हायचे असते. जगभर रूढ असलेला दंडक दोन सेकंदांच्या आतचा आहे. नव्या बॅटरीची स्वीकार-चाचणी घेताना ही कसोटी कधीही टाळू नये.

उलट एखादे रुग्णालय किंवा पाणी चढवणारा पंप चालूच ठेवायचा असेल तर आधी जाळ्याकडचा स्विच हाताने उघडून त्याला कुलूप लावायचे, आणि मग इन्व्हर्टरने ठेका ऐकण्याऐवजी स्वतः ठेका धरायचा. प्रत्येक इन्व्हर्टरला हे जमत नाही. खरेदी करतानाच तशी अट घालावी लागते.

चाके कशासाठी

बॅटरी महाग वस्तू आहे. ती वर्षातल्या सत्तर रात्रींसाठी एका गल्लीत बांधून ठेवली तर बाकीचे दिवस बसून राहते. दिल्लीचे वर्ष मात्र बसून राहणारे नाही. मे ते जुलै वस्त्यांची होरपळ. मग लाल किल्ल्याच्या मैदानावरची रामलीला, दिवाळीचे बाजार, नोव्हेंबरात व्यापार मेळा, छतरपूरकडच्या लग्नांचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गीझरांचे शिखर. मधूनच एखादे रोहित्र दुरुस्तीला जाते. या सगळ्या ठिकाणी आज डिझेल जनरेटरचा ट्रक धावतो. आणि हिवाळ्यात राजधानी परिसराची हवा काय असते ते साऱ्या देशाला माहीत आहे. डिझेल जनरेटरांवर इथे हवा गुणवत्ता आयोगाचे निर्बंध आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते परिसरभर कडक झाले. निर्धूर, जवळजवळ निःशब्द चालणारा विजेचा ट्रक त्या जागी उभा राहिला तर एकाच यंत्राला बारा महिने काम मिळते.

असे प्रयोग बाहेर झालेले आहेत. अमेरिकेतल्या व्हर्माँटची नोमॅड ही कंपनी एक मेगावॉट वेगाची, दोन हजार युनिटची बॅटरी ट्रेलरवर बांधते. नेदरलँड्समध्ये ग्रीनर नावाची कंपनी बांधकामांना आणि संगीत महोत्सवांना बॅटऱ्या भाड्याने देते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात त्यापुढचा विचार मांडला: बॅटऱ्यांचे डबे मालगाडीवर घालून, ज्या प्रदेशावर संकट येईल तिकडे न्यायचे. क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटांसाठी हा मार्ग परवडू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्या लेखकांपैकी एक आहेत अमोल फडके.

एकट्याच्याने न होणारे काम

साठवणुकीसाठी परदेशाशी हात मिळवणे आपल्याला नवे नाही. सह्याद्रीतला २५० मेगावॉटचा घाटघर प्रकल्प जपानी कर्जाच्या मदतीने उभा राहिला. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे आणि महाग असताना खाली सोडायचे, ही कल्पना तिथे डोळ्यांनी पाहता येते.

दिल्लीतली बॅटरीची गोष्ट १३ फेब्रुवारी २०१९ ला सुरू होते. त्या दिवशी रोहिणीच्या उपकेंद्रात टाटा पॉवर-डीडीएल, अमेरिकेची एईएस आणि जपानची मित्सुबिशी कॉर्पोरेशन यांनी मिळून १० मेगावॉटची, दहा हजार युनिटची बॅटरी सुरू केली. तंत्रज्ञान पुरवले ते एईएस आणि जर्मनीची सीमेन्स यांच्या फ्लुएन्स या कंपनीने. भारतातली वीजजाळ्याला जोडलेली एवढी मोठी ही पहिली बॅटरी. २०२१ मध्ये राणीबागेत १५० किलोवॉटची, ५२८ युनिटची बॅटरी आली. ती उभारणारी नेक्सचार्ज ही तेव्हा एक्साइड आणि स्वित्झर्लंडची लेक्लांशे यांची संयुक्त कंपनी होती. आकार पाहिला तर आपल्या उदाहरणातल्या ट्रकशी या बॅटरीची सर्वांत जास्त जवळीक आहे. टाकी जवळपास तेवढीच, नळ मात्र लहान, म्हणून ती साडेतीन तास चालू शकते. २०२५ मध्ये दक्षिण दिल्लीत किलोकरीला २० मेगावॉटची, चाळीस हजार युनिटची बॅटरी सुरू झाली. तिथे वीज कंपनी बीएसईएस राजधानी, उभारणी मुंबईच्या इंडीग्रिडची, आणि खर्चाच्या सुमारे ७० टक्के रक्कम सवलतीच्या कर्जाने ग्लोबल एनर्जी अलायन्स फॉर पीपल अँड प्लॅनेटची. ही संस्था रॉकफेलर, आयकिया आणि बेझोस यांच्या निधींनी उभी केली आहे.

पैशाबरोबर डोकीही एकत्र आली. २०१७ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी साठवणुकीसह वितरणजाळे कसे चालवावे यासाठी यूआय-असिस्ट हा संयुक्त प्रकल्प काढला. इकडून नेतृत्व आयआयटी कानपूरचे, तिकडून वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे, आणि दिल्लीतून आयआयटी दिल्ली आणि टेरी ही संशोधन संस्था सहभागी. दोन्ही सरकारे आणि संस्था मिळून तीन कोटी डॉलरचे हे काम.

खरे तर सहकार्य त्या सेलमध्येच ओवलेले आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. त्याच्या लेखकांत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी हे दोन भारतीय आहेत. लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली जपानच्या सोनीने, १९९१ मध्ये. आणि आज हे सेल सर्वांत जास्त प्रमाणात चीनमध्ये बनतात. कुणा एका देशाने ही वस्तू एकट्याने घडवलेली नाही.

सहकार्यात आलेले धडेही वाटून घ्यावे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे रोहिणीनंतर दोनच महिन्यांनी, अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका बॅटरीगृहात स्फोट झाला. एका सेलचा ताप शेजारच्या सेलला लागत गेला, ज्वलनशील वायू बंद खोलीत साठला, आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडल्यावर तो पेटला. चार जण गंभीर जखमी झाले. तेव्हापासून जगभर वायुविजन, वायू-संवेदक आणि एका सेलची आग शेजाऱ्याला लागते का हे पाहणारी यूएल ९५४०ए ही चाचणी यांकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते. दिल्लीतल्या दाट वस्तीत ट्रक उभा करणाऱ्याने हा धडा पाठ केलाच पाहिजे. लोकांच्या खिडक्या तिथे दहा फुटांवर असतात.

या भागीदारीत दिल्लीनेही द्यायचे ते कमी नाही. पंचेचाळीस अंशांच्या धुळीत शीतकरण कसे टिकते, फिल्टर किती दिवसांत तुंबतो, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात केबल कशी सांभाळायची, अरुंद गल्लीत ट्रक कसा लावायचा, याची उत्तरे व्हर्माँटमध्ये मिळणार नाहीत. ती इथल्या लाइनमनकडे आणि कनिष्ठ अभियंत्याकडे आहेत. लागोस, ढाका, कराची या शहरांना उद्या तीच उपयोगी पडणार आहेत. ती नीट लिहून, मोजून ठेवली पाहिजेत.

अजून काय जुळायला हवे

यंत्र तयार आहे, भाव उतरले आहेत. २०२४ मध्ये जगात बॅटरी पॅकचा सरासरी भाव युनिटमागे ११५ डॉलरवर आला. आता गाठ सोडवायची आहे ती नियमांची. एका जागी बसलेल्या बॅटरीसाठी राज्याचा वीज नियामक आयोग दर मंजूर करू शकतो. किलोकरीसाठी दिल्लीच्या आयोगाने २०२४ मध्ये तशी मंजुरी दिली. पण जी बॅटरी जूनमध्ये एका कंपनीच्या हद्दीत आणि जानेवारीत दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत काम करील, तिचा खर्च कुणाच्या बिलात धरायचा? दिल्लीतून नोएडाला किंवा गुरुग्रामला गेली तर राज्य बदलते, आयोग बदलतो. राजधानी परिसर नकाशावर एक असला तरी विजेच्या कायदेशीर हिशेबात तो तीन राज्यांत आणि दिल्लीत वाटलेला आहे. हवेसाठी परिसरभर एक आयोग चालतो, तर फिरत्या साठवणुकीसाठी एक सामायिक नियमावली का नसावी? सॉकेट एकाच मापाचा, सुरक्षेची तपासणी एकाच नमुन्याची आणि भाड्याचा दर सर्वांना कळेल असा, एवढे ठरले तरी खूप झाले.

टँकर आणि विहीर

आपल्याकडे टँकरने गावे जगवली, आणि काही गावांना टँकरची सवयही लावली. जिथे लोकांनी पाणलोटाची कामे केली तिथे टँकर बंद झाला. विजेच्या टँकरलाही हीच कसोटी लावावी. तो डीपीला श्वास देतो, वर्ष-दोन वर्षांचा अवधी मिळवून देतो. त्या अवधीत नवी केबल पडली पाहिजे, घरांना उष्णतारोधक छते आणि कमी वीज खाणारे एसी मिळाले पाहिजेत. म्हणून ट्रक ज्या दिवशी गल्लीत येईल, त्याच दिवशी तो परत कधी जाणार याची तारीख कागदावर असावी, अशी माझी ठाम मागणी आहे.

वाचकाच्याही हातात यातले एक काम आहे. तुमच्या वीजबिलावर मंजूर भाराचा एक आकडा असतो. घरात दोन एसी वाढले तरी तो पाच-दहा वर्षांपूर्वीचाच असेल, तर तुमच्या गल्लीतली डीपी कितीची हवी हे ठरवणाऱ्या अभियंत्याला चुकीचे उत्तर मिळते. स्थिर आकार थोडा वाढेल म्हणून आपण तो आकडा लपवतो आणि जूनच्या रात्री त्याची किंमत सारी गल्ली मोजते. आज बिल काढा, तो आकडा पाहा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.